नदीकाठचा कातळ आणि ड्रिल बाहेर काढायच्या आधीची कामं

गेले काही हिवाळे आम्ही चार-सहा जण मुळशीच्या पलीकडे एका नदीकाठच्या कातळावर स्पोर्ट रूट, म्हणजे दगडात पक्के बोल्ट मारून त्यात दोर अडकवत चढायच्या वाटा, काढतोय, आणि पुण्यात परत आलं की कुणी ना कुणी विचारतंच, "काय मग, झाले का बोल्ट मारून?" भोक पाडायला काही मिनिटं लागतात हो. ते भोक नेमकं कुठं पाडायचं हे ठरायला कधीकधी अख्खा सीझन जातो. आज त्याच सगळ्याबद्दल लिहायचंय, कारण पुण्या-मुंबईत चढाईच्या कृत्रिम वॉलवर चढणारी पोरं-पोरी आता भरपूर झालीत, नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ ला बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढायचा, वर्ल्ड कप झाला, टोकियोपासून क्लाइंबिंग ऑलिम्पिकमध्ये आलं, आणि यातल्या बऱ्याच जणांना आता बाहेर खऱ्या दगडावर स्वतःचा रूट काढायचाय. काढायलाच पाहिजे. दर वेळी रात्रभर प्रवास करून कर्नाटकातल्या बदामीला चढायला जायचं आणि घराजवळच्या कातळाकडं बघायचंच नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. फक्त हा बेसॉल्ट बदामीच्या वालुकाश्मासारखा वागत नाही, आणि नदीकाठचा बेसॉल्ट तर अजूनच वेगळा.

जागेचं नाव मी लिहिणार नाही. रूट अजून अर्धवट आहेत, वाट एकाच्या शेताच्या बांधावरून जाते आणि गावाशी बोलणं चालू आहे, त्यामुळं एवढ्यात तिथं गर्दी व्हायला नको. ताम्हिणीच्या बाजूचा पट्टा, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गाडीरस्ता संपला की तास-दीड तासाची चाल आणि मधे नदी ओलांडायची, एवढं पुरे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणारा भाग आहे, त्यामुळं जून ते ऑक्टोबर तिकडचं नाव काढायचं नाही. मोबाइलला रेंज नाही. म्हणजे कुणाला काही झालं तर एकानं पळत गावात जायचं, बाकीच्यांनी जखमी माणसाला सांभाळायचं आणि मग नदी ओलांडून त्याला बाहेर काढायचं, हे डोक्यात ठेवूनच तिथं प्रत्येक गोष्ट ठरते. शहराजवळच्या कड्यावर जो धोका चालून जाईल तो इथं चालत नाही.

कातळ नदीच्या बाहेरच्या वळणावर आहे. पुराचं पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जोरात आदळतं, पायथा खात राहतं, आणि वरचा दगड उभा कापल्यासारखा राहतो, म्हणून तिथं एवढी सरळसोट भिंत तयार झालीय. साधारण पंचवीस मीटर उंची. खालचे दोन-तीन मीटर पाण्यानं आणि गोट्यांनी घासून इतके गुळगुळीत झालेत की नव्या रबरचा शूजसुद्धा सरकतो. त्याच्यावर मस्त काळा, घट्ट बेसॉल्ट, बोटाच्या पेराएवढ्या आडव्या कडा, मधे उभ्या भेगा. मग साधारण सतरा-अठरा मीटरवर हातभर जाडीचा तांबडा मातकट पट्टा. आणि त्याच्यावर परत काळाच दगड, पण फोडफोड आलेला, भोकाभोकांचा, त्या भोकांत पांढऱ्या जिओलाइटचे खडे भरलेले.

या तांबड्या पट्ट्यानं आमचं सगळं प्लॅनिंग बदललं. सह्याद्री हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थरावर थर आहे हे शाळेत शिकलेलो असतो, पण एक थर येऊन गेल्यावर दुसरा यायच्या आधी बराच काळ जायचा, वरचा दगड झिजून त्याची माती व्हायची आणि मग पुढचा लाव्हा त्या मातीला भाजून काढायचा, ती भाजलेली माती म्हणजे हा पट्टा. बोट घातलं की भुगा होतो. वरच्या भेगांतून मुरलेलं पाणी या मातीवर येऊन अडतं आणि तिथून बाहेर पाझरतं, डोंगरातले बरेच झरे असेच फुटतात. आमच्या कातळावर डिसेंबर उजाडेपर्यंत त्या रेषेतून पाणी झिरपत असतं. आता तिथं बोल्ट मारायचा म्हणजे मातीत मारायचा, आणि ते पण वर्षातले सहा महिने ओल्या मातीत. म्हणून बहुतेक रूट आम्ही त्या पट्ट्याच्या दीड-दोन मीटर खालीच संपवले, तिथं अँकर (दोर ओवून खाली यायचे शेवटचे बोल्ट) लावला आणि रूट पंधरा-सोळा मीटरचा झाला तर झाला. ग्रुपमध्ये यावरून चांगलीच वादावादी झाली, पूर्ण पंचवीस मीटर मिळत असताना अर्ध्यावर का थांबायचं वगैरे. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की उंचीसाठी कुणाला कुजक्या थरावर लटकवायचं नाही.

दगड वाचायचं हत्यार म्हणजे साधी हातोडी. वरून स्टॅटिक रोप (न ताणणारा दोर) सोडायचा, दोराला पकडणाऱ्या जुमार आणि ग्रिग्रीवर बसून खाली-वर करायचं आणि वीतवीत अंतरावर ठोकत जायचं. घट्ट दगड टणकन् वाजतो, हातोडी उसळून परत येते. आतून सुटलेला दगड बद्द वाजतो, आणि त्यावर दुसरा तळवा ठेवून ठोकलं की तळव्याला बारीक थरथर लागते. बेसॉल्टमध्ये ही फसगत फार असते, वरून एकसंध काळी भिंत दिसते आणि प्रत्यक्षात कपाटाएवढा ठोकळा नुसता तीन बाजूंच्या भेगांवर टेकून उभा असतो. आम्हाला जी लाइन खालून बघून सगळ्यात आवडली होती, भिंतीच्या बरोबर मधून जाणारी, ती अशीच सोडावी लागली, कारण तिच्या मधल्या टप्प्यातला जवळजवळ सगळा दगड बद्द वाजतोय. एवढा मोठा भाग पाडायचा म्हणजे खालचा नदीचा डोहच भरून टाकायचा. ती लाइन आहे तशीच राहणार.

तर गाव. पहिल्यांदा ड्रिलचा आवाज घुमला तेव्हा पलीकडच्या काठावर गुरं राखणारे एक आजोबा उभे राहून बघत होते, मग पाणी ओलांडून आमच्याकडं आले आणि म्हणाले, "भोकं कशापायी पाडताय? परत धरनाचं काय काढलंय का?" त्यांना वाटलं आम्ही सर्व्हेवाले. मुळशीच्या माणसानं असं विचारण्यात नवल काहीच नाही, धरणाविरुद्ध १९२१ ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो याच तालुक्यात, आणि बुडालेल्या गावांच्या गोष्टी अजून घराघरात सांगितल्या जातात. बाहेरून आलेला माणूस डोंगराला भोक पाडतोय याचा अर्थ इथं चांगला कधी निघालेलाच नाही. आम्ही ड्रिल बंद केलं, त्यांना बोल्ट हातात दिला, हार्नेस दाखवला, "बाबा, आम्ही पुण्याहून आलोय, नुसतं चढायला, पडलो तर दोर अडकवायला हे लावतोय" असं सांगितलं, तर ते बराच वेळ बोल्ट उलटसुलट करून बघत बसले आणि मग म्हणाले, "मंग सरपंचाच्या कानावर घाला, आन् त्या डाव्या अंगाला जाऊ नका, तिकडं देव हाय."

डाव्या अंगाला एका कपारीत शेंदूर लावलेला तांदळा आहे, वर्षातून एकदा गाव तिथं नारळ फोडायला येतं. त्या कपारीपासून पुढचा सगळा भाग आम्ही सोडून दिला, आणि चढायला सगळ्यात चांगला दगड तिकडंच आहे हे माहीत असून सोडला. सरपंचांकडं गेलो, जमीन कुणाची ते तलाठ्याकडून समजून घेतलं, कारण कातळाचा पायथा एकाच्या मालकीचा आणि वरचा माळ वनखात्याचा असं सर्रास असतं आणि दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं. या सगळ्यात एक पूर्ण सीझन गेला आणि तो गेला याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आज आमच्या ड्रिलच्या बॅटऱ्या गावातल्या एका काकूंच्या ओट्यावर चार्ज होतात, त्यांना त्याचे आणि जेवणाचे पैसे जातात, आणि आम्ही किती जण कड्यावर आहोत हे गावात कुणाला तरी कायम माहीत असतं. रेंज नसलेल्या ठिकाणी याच्याइतका मोठा आधार नाही.

आता वरून उतरून बोल्ट मारण्याबद्दल. आपल्याकडची परंपरा खालून चढत जायची आहे. सह्याद्रीतले सुळके जुन्या लोकांनी हँड ड्रिल आणि मेखा घेऊन, एकेक भोक हातानं पाडत, पायथ्यापासून वर जात सर केलेत आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यातल्याच एका सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की वरून दोर सोडून बोल्ट मारणं म्हणजे पेपर आधी फोडून परीक्षेला बसणं. मला ते पटत नाही. सुळक्यावर पहिलं आरोहण करताना अनोळखी भिंतीशी झुंजणं हाच गाभा असतो, तिथं खालूनच जायला पाहिजे, तिथं मी वरून जाणार नाही. पण स्पोर्ट रूट हा मागून येणाऱ्या शेकडो लोकांसाठी असतो, त्यातले काही जण आयुष्यात पहिल्यांदा लीड करणार, म्हणजे वरून दोर नसताना पुढं चढणार असतात, आणि खालून लटकत, दमलेल्या हातानं, जिथं उभं राहता आलं तिथं मारलेला बोल्ट त्यांच्या उपयोगाचा नसतो. फ्रान्समधल्या व्हर्दाँच्या घळीत लोक काठावरून खाली उतरून रूट काढायचे, अमेरिकेत स्मिथ रॉकला क्रूकेड नदीच्या काठी अ‍ॅलन वॉट्सनं ऐंशीच्या दशकात तेच केलं, आणि त्यातूनच आजचं स्पोर्ट क्लाइंबिंग उभं राहिलं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मिसळ करायची नाही.

साफसफाई हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम. सुटे दगड काढायचे तर नदीवर दोन्ही बाजूंना शिट्टी घेऊन एकेक माणूस उभा करायचा, कारण खाली कधी मासे धरायला कुणी येतं, कधी कपडे धुवायला बायका येतात, कधी म्हशी पाण्यात बसलेल्या असतात, आणि पाण्याच्या आवाजात वरचं ओरडणं कुणालाच ऐकू जात नाही. खालच्या दोघांची शिट्टी आल्याशिवाय वरच्यानं पहार लावायची नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही. मग ब्रश. तारेचा ब्रश फक्त मातीला, दगडाला नायलॉनचा, नाहीतर कडांवर चकाकी येते आणि पकड कायमची जाते. आणि झाडोरा सरसकट काढायचा नाही. कपारीत पावसाळ्यात जे बारकं काय काय उगवतं त्यातल्या कितीतरी वनस्पती फक्त आपल्या घाटातच सापडतात, कंदीलपुष्पाचे वेल अशाच कड्यांवर असतात आणि उन्हाळ्यात नुसता कंद जमिनीत राहतो, वर काहीच दिसत नाही, तेव्हा घासून काढणाऱ्याला आपण काय काढलं ते कळत पण नाही. ज्या लेजवर (कातळातल्या अरुंद पायरीवर) माती आणि मुळं आहेत ती लेज आम्ही रूटमधून वगळतो, हात तिथं जाणारच नाही अशी लाइन बघतो.

मग येते ती माझी आवडती पायरी, टॉपरोपवर, म्हणजे वरून बांधलेल्या दोरावर, चढून बघायची. वर तात्पुरता अँकर बांधायचा आणि ड्रिलला हात लावायच्या आधी तीच लाइन ग्रुपमधल्या प्रत्येकानं चढायची, खिशात खडू घेऊन. जिथं थांबून एका हातानं क्लिप करावंसं (बोल्टला दोर अडकवावासा) वाटतं तिथं खूण. आमच्यात एक जण सहा फुटाच्या आसपास आहे आणि एक मैत्रीण जेमतेम पाच फूट, आणि या दोघांच्या खुणा जवळजवळ कधीच जुळत नाहीत. उजवीकडच्या एका रूटवर तर गंमत अशी झाली की तिसऱ्या बोल्टसाठी त्यानं जिथं खूण केली ती जागा चांगल्या पकडीवरून आरामात पोचण्यासारखी होती, पण तिला तिथं क्लिप करायला त्या चांगल्या पकडीवरून एक मूव्ह पुढं जाऊन, दोन बोटांच्या कडेवर लटकून हात लांबवावा लागत होता, आणि तिथं हात सुटला तर हातात ओढून घेतलेल्या जादा दोरासकट ती थेट खालच्या धोंड्यांवर आली असती. बोल्ट वीतभर खाली आणि जरासा डावीकडं घेतला. उंच माणसाला त्यानं काहीच फरक पडत नाही, त्याला कमरेजवळ क्लिप करता येतं. तेव्हापासून आमच्याकडं बुटक्या माणसाची खूण हीच पक्की खूण. बोल्टची जागा भेगेपासून आणि कडेपासून निदान वीतभर लांब पाहिजे, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) धारेवर आडवा टेकायला नको, दोर कुठं घासायला नको, हे सगळं त्या खडूच्या खुणेभोवती बघायचं आणि मग परत हातोडीनं वाजवायचं.

बोल्टच्या बाबतीत मी हट्टी आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे गॅल्व्हनाइज्ड अँकर फास्टनर हे ग्रिल आणि पाइप बसवायला बनवलेले असतात, माणूस पडायला नाही. क्लाइंबिंगच्या बोल्टला ईएन ९५९ हे स्टँडर्ड आहे, त्यात खाली ओढणारा २५ किलोन्यूटन आणि बाहेर खेचणारा १५ किलोन्यूटन भार सहन झाला पाहिजे, म्हणजे साधारण अडीच टन आणि दीड टन. आणि इतक्या पावसाच्या भागात दगडातून पाणी झिरपत असताना साधं लोखंड आतल्या आत गंजतं, बाहेरून हँगर (बोल्टवरची कडी अडकवायची पट्टी) चकचकीत आणि आतली दांडी खाऊन गेलेली. स्टेनलेसच्या बोल्टला गॅल्व्हनाइज्ड हँगर लावला तर दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र येऊन गंज अजून लवकर धरतो. आम्ही फक्त स्टेनलेसचे ग्लू-इन, म्हणजे भोकात ग्लूनं चिकटवायचे बोल्ट, वापरतो, महाग पडतात, बाहेरून मागवावे लागतात, त्यामुळं रूट कमी होतात. होऊ देत.

ग्लू-इनमध्ये सगळा जीव भोक साफ करण्यात आहे. ड्रिलिंगची बारीक पूड भोकाच्या भिंतीला चिकटून राहते आणि ग्लू दगडाऐवजी त्या पुडीला धरतो, म्हणून पंपानं फुंकायचं, गोल ब्रश फिरवायचा, परत फुंकायचं, परत ब्रश, पूड यायची पूर्ण थांबेपर्यंत. नळीतून पहिला येणारा ग्लू नीट मिसळलेला नसतो, रंग एकसारखा होईपर्यंत तो बाजूला काढून एका पिशवीत घ्यायचा आणि घरी न्यायचा, नदीत जाता कामा नये, खालच्या गावाचं पिण्याचं पाणी तेच आहे. बोल्ट घातल्यावर कडेनं सगळीकडून ग्लू बाहेर आला पाहिजे. आणि मग नळीवर छापलेली वेळ संपेपर्यंत हात नाही लावायचा, आम्ही तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला वजन टाकू देत नाही आणि त्या रूटच्या पायथ्याला दोरी बांधून ठेवतो.

आग्या मोहोळांबद्दल वेगळं सांगायला हवं. पावसाळा संपला की या माश्या कड्यांवर येऊन बसतात, आणि ड्रिलच्या हादऱ्यानं, धुरानं, अत्तराच्या वासानं उठतात. गडांवर लोकांना चावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच, पण गडावरचा माणूस निदान पळू शकतो, दोरावर लटकलेला कुठं पळणार. म्हणून तिथं पोचलं की आधी पलीकडच्या काठावर बसून दुर्बिणीनं सगळी भिंत तपासायची, ओव्हरहँगच्या (पुढं झुकलेल्या दगडाच्या) खालच्या सावलीत खास करून. पोळं दिसलं की त्या दिवशी त्या बाजूला काम नाही. तसंच पांढरे ओघळ. एखाद्या कपारीखाली विष्ठेचे ताजे ओघळ दिसले की वर घरटं असू शकतं, आणि आपला चढायचा सीझन आणि लांब चोचीच्या गिधाडांचा विणीचा हंगाम दोन्ही हिवाळ्यातच येतात. गिधाडं आधीच किती कमी राहिलीत, जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली तोवर बहुतेक संपली होती. आमच्या भिंतीवर शाहीन ससाण्याची एक जोडी वरच्या उजव्या कोपऱ्यात दिसते, तो कोपरा पिल्लं उडून जाईपर्यंत बंद.

नदीमुळं अजून एक-दोन गोष्टी बदलल्या. पुरात वाहून आलेला पालापाचोळा समोरच्या उंबराच्या फांद्यांत ज्या उंचीवर अडकलेला असतो ती पाण्याची रेघ, पहिला बोल्ट तिच्या वर पाहिजे, नाहीतर ओंडके आपटून वाकतो. त्यामुळं पहिला बोल्ट उंच जातो, खालचा दगड गुळगुळीत, म्हणून काठीनं क्लिप करूनच निघायचं, यात कमीपणा काही नाही. आणि पाण्याच्या आवाजात "टेक" (दोर ताण) किंवा "स्लॅक" (दोर सैल सोड) ऐकू येत नाही म्हणून निघायच्या आधीच ठरवायचं की वर पोचल्यावर खालच्यानं दोरानं सोडायचं (लोअर) का स्वतः दोरावरून उतरायचं (रॅपल), आणि दोराला तीन झटके म्हणजे काय.

सध्या पाच रूट चढण्यासारखे झालेत, अवघडपणाच्या फ्रेंच ग्रेडमध्ये सगळ्यात सोपा ५सी आणि सगळ्यात अवघड बहुतेक ७ए, ग्रेड अजून बाकीच्यांनी चढून पक्के करायचेत. पाऊस गेला की आधी सगळे अँकर तपासायचे, मग उजवीकडच्या भेगेची साफसफाई. ती भेग मात्र बोल्ट न मारता ठेवायचीय, तिच्यात नट आणि कॅम (भेगेत अडकवून परत काढता येणारी साधनं) छान बसतात. मदतीला यायचं असेल तर नक्की या, चढायला येत नसलं तरी शिट्टी घेऊन नदीवर उभं राहणारी माणसं आम्हाला कायम कमी पडतात, हेल्मेट आणि डोळ्यांचा गॉगल आपापला आणा, आणि गावात शिरताना आधी काकूंकडं थांबून किती जण आहात ते सांगून पुढं जा.